डोक्यावरची लाट

प्रयोगशाळेत त्याला सगळे मापाडी म्हणत. नोकरीला लागला तेव्हा हे नाव थट्टेनं पडलं होतं. अकरा वर्षांत थट्टा झिजून गेली आणि नाव तेवढं उरलं. पगाराच्या पावतीवर वेगळं नाव होतं, पण पावतीवर 'तात्पुरता' असंही लिहिलेलं होतं. त्याची नेमणूक दर वर्षी एका वर्षासाठी होई आणि दर वर्षी मोठे सर, म्हणजे संचालक, त्याच्या डाव्या खांद्यावर हात ठेवून 'पुढच्या वर्षी नक्की बघू' असं सांगत. सरांचा हात जड होता. मापाडीचा डावा खांदा अर्ध्या बोटानं उतरलाय असं त्याच्या थोरल्या बहिणीचं मत होतं, आणि ताईचं शिवणाचं दुकान असल्यामुळे तिचं मत टेपनं सिद्ध झालेलं होतं.

या वर्षी मात्र बघण्याची वेळ खरोखरच आली होती. कायम नेमणुकीचा कागद टाइप होऊन सरांच्या टेबलाच्या वरच्या खणात पडला होता. सही झालेली होती, फक्त तारीख घालायची होती. ती गुरुवारची पडणार होती, कारण गुरुवारी दुपारी चार वाजता प्रयोगशाळा पत्रकारांना बोलावून सांगणार होती की कुणी कधी पकडली नाही अशी लाट आम्ही पकडली.

प्रयोगशाळा म्हणजे मुळात दोन नळ्या. प्रत्येकी चार किलोमीटर लांब, एकमेकींशी काटकोनात, आतली हवा उपसून काढलेल्या. कोपऱ्यावर लेझरचा एक झोत दुभागायचा, दोन नळ्यांत दोन सोडायचे, टोकाच्या आरशांवर आपटून परत आले की त्यांची गाठ घालून द्यायची. लांब आकाशात दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळले की जागेलाच लाट येते. ती इथून जाताना एक नळी ताणते नि दुसरी आखडते. किती, तर अणूच्या पोटातल्या गाभ्याहूनही किती तरी कमी. तेवढ्यानं दोन झोतांची किंचित चुकामूक होते. ती चुकामूक पकडायला दीडशे माणसं आणि एक कँटीन होतं.

चुकामूक एवढी, तर लाट केवढी, हे सांगणारा तक्ता मापाडीचा. तो तयार करण्याची रीत साधी होती. टोकाच्या आरशाला दुसऱ्या एका हलक्या झोतानं ठरावीक धक्के द्यायचे, यंत्र किती ओरडतं ते लिहायचं, आणि पुढच्या वेगाला जायचं. सेकंदाला दहा धक्के, शंभर, हजार. यंत्र आधी संथ लाटांचंच होतं. दोन वर्षांपूर्वी मोठ्या सरांना अतिजलद लाटांचा ध्यास लागला, म्हणून मापाडी चढत चढत सेकंदाला साडेसदतीस हजार धक्क्यांपर्यंत गेला, आणि तिथं एक नवल झालं. त्याआधी यंत्र मंद होत चाललं होतं, ते त्या एका वेगाला पुन्हा कानठळ्या बसतील असं ओरडलं. मापाडीनं तो आकडा लाल शाईनं लिहिला. तक्त्यावर प्लॅस्टिक चढवून तो प्रत्येक टेबलावर ठेवण्यात आला. काहीजण त्यावर चहाचा कप ठेवत, पण आदरानं.

तीन आठवड्यांपूर्वी नेमक्या त्याच वेगाची लाट आली. ती शोधली आकडेवालीनं. ही तिशीतली बाई यंत्राच्या आकड्यांचे ढीग उपसण्याचं काम करी आणि ढिगांशी बोलायची सवय असल्यामुळे माणसांशी फारसं बोलत नसे. त्याच क्षणी दुर्बीणवाल्यांकडून निरोप आला की आकाशात एक झळाळी दिसली, आणि ती तुमच्या बरोब्बर माथ्यावर. आता काय राहिलं? दर्शनी दालनात आलेल्या पाहुण्यांसाठी भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेलंच होतं: डोक्यावरून येणारी लाट या यंत्राला सर्वांत स्पष्ट ऐकू येते. सगळं जुळलं. मोठे सर जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरताना दिसले, ही गोष्ट गेल्या अकरा वर्षांत घडली नव्हती.

मंगळवारी संध्याकाळी मापाडी ताईच्या दुकानात कोटाच्या ट्रायलसाठी उभा होता. समारंभात कायम झालेली माणसं कोट घालतात, असं त्याला वाटलं होतं. कोट कच्च्या टाक्यांवर होता आणि बाह्या अजून पुतळ्याच्या अंगावर.

ताई त्याच्या छातीभोवती टेप फिरवत होती. तोंडात टाचण्या असल्यामुळे ती निम्मंच बोलत होती, तरी तेवढं पुरेसं होतं. श्वास घे म्हटलं की घेतो, सोड म्हटलं की सोडतो, पण थांबत नाही, धापा टाकतो. अशी गिऱ्हाइकं तिला नको असतात. मापाडीनं सांगितलं की गुरुवार जवळ आला की त्याचं असं होतं. गुरुवार दर आठवड्याला येतो, असं ताईचं म्हणणं पडलं.

मग तिनं टाचण्या तोंडातून काढल्या. महत्त्वाचं काही असलं की ती एवढं करी.

"अरे, मी टेप मागून फिरवून पुढं आणेपर्यंत तू भरतोस आणि रिकामाही होतोस. माझ्या हाताला काय कळणार? टेपच्या हिशेबी तू श्वासच घेत नाहीस. तू काय, तो पुतळा काय, सारखेच."

मापाडीनं पुतळ्याकडे पाहिलं. पुतळा बिनडोक्याचा होता, तरी त्याला काही तरी ठाऊक असल्यासारखा वाटला.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला.

"काय पुन्हा?"

"टेप पुढं येईपर्यंत."

"भरतोस आणि रिकामा होतोस. तुला बरं नाही का?"

त्याला बरं नव्हतं. ताईनं टाके घालायला सुरुवात केली तरी तो तसाच हात पसरून उभा राहिला. नळीतून झोत जाऊन परत यायला लागणारा वेळ त्याला झोपेतही पाठ होता: एका सेकंदाचा साडेसदतीस हजारावा भाग. आणि ती लाट एकदा ताणून एकदा आखडायला तेवढाच वेळ घेत होती. म्हणजे झोत जाताना नळी ताणलेली, परतताना तेवढीच आखडलेली. ऑफिसला जाताना रस्ता दहा मिनिटांनी लांबावा आणि येताना दहा मिनिटांनी आखूड व्हावा, तसं. घरी बसलेल्या माणसाला घड्याळात काय दिसणार? नेहमीच्या वेळेला आला, एवढंच. माथ्यावरून सरळ येणारी लाट साऱ्या नळीवर एकदम पडते, त्यामुळे तिची वजाबाकी अगदी चोख होते. तिरपी आली असती तर नळीच्या एका टोकाला आधी पोचली असती, दुसऱ्याला नंतर. वजाबाकीत काही तरी बाकी राहिलं असतं. माथ्यावरच्या लाटेत बाकी काहीच नाही. त्या वेगाला, त्या दिशेनं, यंत्र ठार बहिरं होतं.

मग ते ओरडलं होतं कशानं? धक्क्यानं. झोत आरशाला एका फेरीत एकदाच शिवतो, एका क्षणापुरता. साडेसदतीस हजारांच्या वेगाला दर फेरीला आरसा त्याच जागी सापडतो, आणि शेकडो फेऱ्यांत ते साचत जातं. आरसा हलवणं आणि जागा ताणणं संथ वेगाला सारखंच वाटतं, म्हणून अकरा वर्षांत कुणाला फरक पडला नव्हता. इथं फरक होता. मापाडीनं पुतळ्यावर कोट बेतला होता आणि तो श्वास घेणाऱ्या माणसाला बसतो म्हणून लाल शाईनं लिहून दिलं होतं.

बुधवारी सकाळी त्यानं गणित केलं. शून्य आलं. पुन्हा केलं, शून्य. तिसऱ्यांदा वेगळ्या पद्धतीनं केलं, तरी शून्य. चौथ्यांदा त्यानं चूक करण्याचा मनापासून प्रयत्न केला, पण तक्त्यात जी इतक्या सहज जमली होती ती आता जमेना.

आता इथं एक रीत सांगायला हवी, नाही तर मापाडी एवढा का अडला ते कळणार नाही. प्रयोगशाळेत खोटी लाट सोडण्याची पद्धत होती. वर्षा-दोन वर्षांतून एकदा, माणसं झोपलीत की जागी हे पाहायला, कुणालाही न सांगता आरशाला असा धक्का दिला जाई की यंत्राला वाटावं खरीच लाट आली. हे काम बाईंकडे होतं. बाई प्रयोगशाळेतल्या सर्वांत जुन्या. निवृत्तीला आठ महिने राहिलेल्या, आणि सरांना अजूनही 'अरे' म्हणणाऱ्या एकट्या. खोटी लाट सोडली असो वा नसो, एक बंद लखोटा त्यांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात कायम असे. तो फोडायच्या आधी प्रत्येकाला एका कागदावर सही करावी लागे: 'ही लाट खरी आहे असं मला वाटतं.' सगळ्यांच्या सह्या झाल्या, की लखोटा. आत कोरा कागद असला तर लाट खरी, म्हणजे पेढे; लिहिलेला असला तर खोटी, म्हणजे चहा.

मापाडी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहू लागला. सही न करता 'ही लाट नव्हे, आरसा हललाय' असं म्हटलं आणि लखोट्यातून खोटी लाट निघाली, तर लोक म्हणणार, यानं कपाट उघडून पाहिलं. नाही तर याला कसं कळलं? सहा वर्षांपूर्वी असाच संशय एकावर आला होता; तो आता नळ्यांच्या कुंपणाबाहेर, गवत कापण्याच्या खात्यात होता. आणि लखोटा कोरा निघाला, तर अकरा वर्षांचा तक्ता चुकीचा, तो आपला, आणि चार वाजताचा समारंभ आपण बुडवला. तिसरी वाट सही करण्याची. ती वाट सपाट होती, दोन्ही बाजूंना सावली होती, आणि शेवटी कायम नेमणूक होती. मापाडीला तिच्याकडे पाहवेना.

तो मोठ्या सरांच्या खोलीत गेला. सर आरशासमोर उभे राहून 'ऐतिहासिक' बरं की 'युगप्रवर्तक' हे म्हणून पाहत होते.

एक शंका आहे, असं मापाडीनं सांगितलं.

शंका ही शास्त्राची आई आहे, असं सर म्हणाले, आणि तिला उद्या चारनंतर घेऊन ये. मग त्यांनी हात ठेवला. डाव्याच खांद्यावर.

तिथून तो आकडेवालीकडे गेला. ती पडद्यावरची एक उभी रेघ न्याहाळत होती, नव्या बाळाकडे पाहावं तशी. लाट तिरपी असू शकेल का, दुर्बीणवाल्यांची दिशा चुकली असेल का, असं त्यानं आडून आडून विचारलं. नाही, ती म्हणाली, दिशा तीन जणांनी तपासलीय. मग खुर्ची फिरवून तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं.

"का हो मापाडी? तुमच्या तक्त्यावर तर उभं आहे सगळं. मी आईला फोन करून सांगितलंय. ती चार वाजता टीव्ही लावणार आहे."

मापाडी म्हणाला, सहज विचारलं. दिवसभर तो असाच येत-जात राहिला. जाताना सांगायचं ठरवी, येताना न सांगायचं, आणि संध्याकाळी फाटकावरच्या वहीत बाहेर पडल्याची वेळ नेहमीचीच लिहिली गेली.

गुरुवारी अकरा वाजता सभागृहात सगळे जमले. मापाडी कोट घालून गेला नाही. ताईचं काज करायचं राहिलं होतं. पेढ्यांचा खोका खुर्चीवर होता आणि त्यावर कुणी बसू नये म्हणून 'पेढे' असं लिहिलेलं होतं. बाई लखोटा मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसल्या होत्या, तोंडावरची माशी न उडवता. सह्यांचा कागद पहिल्या रांगेतून फिरू लागला.

कागद येताना दिसतो हे वाईट असतं. मोठ्या सरांची सही, खाली दोन रेघा मारलेली. आकडेवालीची, कागदाच्या पाठीवर उमटेल अशी दाबून. मग एकामागून एक. कँटीनच्या व्यवस्थापकानंही केली होती. त्याला कुणी थांबवलं नव्हतं. मापाडी मोजत होता, त्याच्या आधी अजून किती डोकी आहेत. नऊ. सात. श्वास जलद होत चालला होता, आणि शेजारच्याला ते कळत नव्हतं, हे त्याच्या ध्यानात आलं. तीन. मग कागद त्याच्या मांडीवर होता.

त्यानं पेन टेकवलं. आपलं नाव लिहायला लागणाऱ्या वेळाच्या दुप्पट वेळ पेन चाललं, तेव्हा आजूबाजूच्या माना वळल्या. सही कुणी एवढी लांब करत नाही.

मोठ्या सरांनी कागद मागवून घेतला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पुढं काय आहे हे माहीत नसलं की ते मोठ्यानं वाचत.

"'माथ्यावरून या वेगाची लाट आली तर यंत्राला ती ऐकूच येत नाही. हा आवाज आरसा हलल्याचा आहे. तक्ता चुकीचा आहे. तक्ता माझा आहे.'"

मापाडीला उभं राहून समजावून सांगायचं होतं, फळ्यावर दोन रेघा मारून दाखवायच्या होत्या, पण फळा सरांच्या पाठीमागे होता. आकडेवाली त्याच्याकडे पाहत नव्हती. ती भिंतीवर पाहत होती, आणि तिचे ओठ हलत होते. ती गणित करत होती. ते संपलं तसं तिनं डोळे मिटून घेतले.

सर बाईंकडे वळले. बाईंनी लखोटा फोडला. आतला कागद लिहिलेला होता.

अमुक तारखेला, अमुक वाजता, आरशाला धक्का देऊन लाटेची नक्कल केली, दिशा माथ्यावर, दुर्बीणवाल्यांना विश्वासात घेऊन झळाळीचा निरोप त्यांच्याकडून पाठवला. बाईंनी एवढं सपाट आवाजात वाचलं आणि चष्मा काढला.

पहिली पाचेक मिनिटं सगळे एकमेकांची सही कुठं आहे ते आठवत होते. मग मागच्या रांगेतून कुणी तरी, फारसं वर न पाहता, विचारलं की कपाटाची दुसरी किल्ली कुणाकडे असते. प्रश्न मापाडीला नव्हता, पण उत्तरासाठी सगळे त्याच्याकडेच पाहू लागले. मोठे सर गंभीर झाले. चौकशी करावी लागेल, असं ते म्हणाले, कोणावर रोख नाही, पण दीडशेत एकालाच कसं कळतं? मापाडीनं तोंड उघडलं. बुधवारी त्यानं हा प्रसंग इतक्या वेळा मनात पाहिला होता, की आता तो घडताना त्याला जवळजवळ ओळखीचा वाटला.

बाईंनी हात वर केला.

"अरे, थांब जरा. यानं लखोटा पाहिला असता, तर 'खोटी आहे' एवढंच म्हणाला असता आणि आपली मान सोडवली असती. चोर कधी आपली चूक लिहून देतो का?" त्यांनी हातातला कागद पुन्हा उघडला. "आणि धक्का किती द्यायचा, ते मी याच्याच तक्त्यावरून काढलं. माथ्यावरची लाट खरी आली असती तर यंत्रात काहीच दिसलं नसतं. म्हणजे माझी खोटी लाटसुद्धा धड खोटी झाली नाही. मी चाळीस वर्षं हे करतेय. मलाही सुचलं नाही."

हे ऐकून चौकशीचा विषय मागं पडला, कारण आता तीत बाईंनाही घ्यावं लागलं असतं. आकडेवाली उठली आणि आईला फोन करायला बाहेर गेली. दारातून वळून तिनं मापाडीकडे पाहिलं. ती रागावली होती, यात शंका नव्हती. पण बोलली ते वेगळंच.

"तिरप्या लाटा मात्र ऐकू येतील. तेवढं तरी आहे ना?"

"आहे," मापाडी म्हणाला. "थोड्या. पण येतील."

पेढे कँटीनमध्ये परत गेले. चार वाजता पत्रकारांना चहा आणि यंत्राच्या सुरक्षिततेवर माहितीपत्रक देण्यात आलं. साडेपाचला मोठ्या सरांनी मापाडीला बोलावून घेतलं. त्यांचा चेहरा दुःखी आणि न्यायी होता. मापाडीनं जे केलं ते शास्त्राला भूषणावह आहे, हे त्यांनी दोनदा सांगितलं. आता जुना तक्ता रद्द. नवा करायचा, आणि तो नुसता वेगाचा नाही, दिशेचाही. आकाशाचे तुकडे पाडून प्रत्येकाचा वेगळा आकडा. काम दहा-अकरा महिन्यांचं. ते संपणारं काम आहे, म्हणजे स्वरूपानं तात्पुरतंच, आणि तात्पुरत्या कामावर कायम माणूस घेतला तर लेखापरीक्षक विचारतात. वरचा खण त्यांनी उघडला नाही. त्याऐवजी खालचा उघडून बाराव्या वर्षाचा फॉर्म काढला, आणि उठून हात ठेवायला पुढं आले. मापाडीनं, का कुणास ठाऊक, उजवा खांदा पुढं केला.

ताईच्या दुकानात दिवे लागले होते. कोट तयार होता, इस्त्री होऊन पुतळ्याच्या अंगावर. त्यानं ताईला सांगितलं की कायमचं झालं नाही, अजून एक वर्ष. मग म्हणाला की माप चुकलं होतं.

"कुणाचं?"

"माझं."

ताईनं टाचण्यांची उशी बाजूला ठेवली. लहानपणी तो गणितात नापास झाला तेव्हा तिनं जे केलं होतं तेच तिनं आताही केलं, म्हणजे काहीच नाही. तिनं विचारलं की मग आता काय करायचं असतं तुमच्यात. मापाडीनं सांगितलं, पहिल्यापासून.

"मग पहिल्यापासून," ती म्हणाली. "आमच्यात उसवायचं म्हणतात. ये, कोट घाल बघू. डावीकडे आत पट्टी लावलीय."

त्यानं कोट घातला. डावा खांदा उजव्याच्या बरोबरीला आला. आरशात तो सरळ माणूस दिसला. ताईनं नवी रेघांची वही पुढं सरकवली, गिऱ्हाइकांच्या मापांची, पहिलं पान कोरं असलेली. कोट न काढताच तो स्टुलावर बसला आणि त्यानं खालपर्यंत रकाने आखले: दिशा, वेग, आकडा. मग पहिली ओळ भरली. माथ्यावर, साडेसदतीस हजार, शून्य. हे शून्य त्यानं लाल शाईनं लिहिलं नाही. ताईकडे तेव्हा फक्त खडूची निळी पेन्सिल होती, आणि तिची खूण पाण्यानं जाते.